जास्तीचे पाच

फेब्रुवारी. बाहेर उणे बावीस.
स्वयंपाकघराच्या काचेला आतून बर्फ धरलंय
आणि मी मे महिन्यातली पिल्लं मोजतेय
हॅचरीच्या फॉर्मवर, पेन्सिलीनं.

पंचवीस तलंगा. पिवळ्या, थंडीला दाद न देणाऱ्या.
इथवर सोपं असतं.
मग चौकोन सुरू होतात.

मॅरेकची लस हवी का? पिल्लामागे पंचवीस सेंट.

मी, लव्हॉन टॉर्गरसन,
एकतीस वर्षं शाळेची नर्स,
कार्डावर शिक्का नसलेल्या पोराला
पहिल्या दिवशी बसच्या पायरीवरूनच परत पाठवणारी,
तीच मी गेल्या वर्षी हा चौकोन कोरा ठेवला.
सव्वासहा डॉलर वाचवले.
कोंबडीला कसली आलीय लस, व्हर्जिल हॉगेन म्हणाला होता,
आणि मला ते पटवून घ्यायला बरं वाटलं.

ऑगस्टात एक तलंग उठेना.
एक पाय पुढे, एक मागे,
नाचता नाचता कुणी हाक मारावी तशी.
वाटी चोचीशी नेली. प्यायली.
डोळा धुरकट, बाहुलीची कड कुरतडल्यासारखी.
मग दुसरी.
मग मी मोजणं सोडलं,
म्हणजे सोडलं नाही. नऊ.
एका रात्री सव्वासहाला नऊनं भागून पाहिलं.
उत्तर येतं.

खूण केली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

हॅचरीत फोनवर एक मुलगी असते, आवाजावरून विशीतली.
ती म्हणाली, ही लस रोग अडवत नाही, गाठी अडवते.
पक्षी जगतो, आणि पिसांच्या कोंड्यातून
रोग वाऱ्यावर जात राहतो.
मग शेजाऱ्याच्या कोंबड्यांचं काय, मी विचारलं.
ती जरा थांबली.
फॉर्मवर शेजाऱ्यासाठी चौकोन नाही, मॅडम.

पुढचा. रक्ती हगवणीची लस.
ती घेतली की औषधी खाद्य बंद,
दोघांचं एकमेकांशी पटत नाही.
तळघरात औषधी खाद्याचं पोतं आहे, पन्नास पौंडांचं.
निर्णय पोत्यानं घेतला. कोरा.

चोची छाटू का? नको.
वाटेत चोचवायला हिरवी जेली? द्या.
एक अनोळखी जातीचं पिल्लू, फुकट?
मागच्या फुकटातून जो तुरेवाला निघाला
तो अजून माझ्या बुटांशी भांडतो.
द्या.

शेवटचा चौकोन:
उबेसाठी जास्तीचे पाच नर.
पैसे नाहीत. पोस्टाच्या गाडीत दोन रात्री
तलंगांना गारठा लागू नये म्हणून खोक्याच्या कडेला.
आणि खाली, चष्मा कपाळावर सरकवून वाचावं लागलं,
यांना लस टोचली जात नाही.

सप्टेंबरात त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे.
सुरी मीच धरते. हात अजून थरथरत नाही.
त्याचं काही नाही.

पण मला डेनी क्लिंगबाइल आठवला.
कार्ड कोरं, बसच्या पायरीवर उभा,
मुठी जॅकेटात,
मी नियमावर बोट ठेवून त्याला थांबवलेला,
आणि त्याच्या पाठीमागे लहानग्यांची अख्खी रांग
त्याच्या आडोशाला, वाऱ्यापासून वाचलेली.

चौकोनाशेजारी समासात लिहिलं:
पाचांनाही टोचा. पैसे लावा.
एकूण साडेसात डॉलर.
पाकीट जिभेनं ओलं केलं, बंद केलं.

हॅचरी दरवर्षी चुकून दोन फॉर्म पाठवते.
दुसरा कोटाच्या खिशात घातला,
बूट चढवले,
आणि निघाले व्हर्जिलकडे,
पाव मैल, नाकातला श्वास गोठवत.
दार उघडून तो काय म्हणेल ते मला पाठ आहे.
एकतीस वर्षं मी ते ऐकून घेतलंय,
पोरांच्या बाबतीत.