पलीकडून

भाग तीनशे बाराला बाबा गेले.
म्हणजे दिघे. नव्वद दिवसांचं पेमेंट
एकशे साठावर गेलं, तेव्हा
मेकअप न पुसताच रिक्षात बसले,
मढच्या जेटीकडे.

लेखकाने एका रात्रीत त्यांना जामनगरला धाडलं,
कंपनीच्या कामाला.
भिंतीवरचा फॅमिली फोटो मीच उतरवला,
फिकट चौकोनावर कॅलेंडर ठोकलं.
कॅलेंडरात मे, गोष्टीत दिवाळी.
कंटिन्युइटी माझ्याकडेच आहे. कुणी विचारलं नाही.

आता आई रोज बाबांशी फोनवर बोलते
आणि कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसून
बाबांची वाक्यं मी वाचतो, सपाट:
"सुलू, गॅस बंद केलास ना?"
गॅसला सिलेंडर नाही, नळाला पाणी नाही,
फ्रिजमध्ये लाइटवाल्यांचे डबे.
इथे तीन सेकंद थांबायचं.
हशा नंतर चिकटवतात.

काल इरावतीबाईंनी वाक्य सोडलं.
कागदावर होतं, "लवकर या."
त्या म्हणाल्या, "तुमचे तरी आले का हो पैसे?"
मी पान उलटलं. पुढे काहीच नव्हतं.
"नाही," म्हटलं.

वर तराफ्यावरून बाबूलाल फिस्सकन हसला,
मग हेअरवाली, मग सगळेच, बाईसुद्धा,
रिसीव्हर कानाला तसाच.

साउंडवाल्याने तेवढा तुकडा
वेगळा ठेवलाय.
पुढच्या भागांना होईल म्हणाला.