बाकी

कोऱ्या कागदाला आधी चोवीस तास
थंड खोलीत कोरडं व्हावं लागतं.
मग मी श्वास धरते आणि तो तराजूत ठेवते.
पाच दशांश स्थळांचा तराजू,
माझ्या नुसत्या हुश्शनेही आकडा हलतो.
हवा तोलायची तर हवा घ्यायची नाही
एवढं एक या नोकरीने शिकवलं.

नंदेश्वर तो कागद स्टीलच्या डब्यातून नेतो
मानकापूरच्या शाळेच्या गच्चीवर.
पोळ्यांचा डबा वेगळा, कागदाचा वेगळा.
एकदाच गफलत झाली.
वहीत त्या तारखेपुढे अजून लिहिलेलं आहे:
नमुना बाद. हळद.

माझ्याकडे शहर चौकटींत येतं,
एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद.
उत्तरेच्या चिमण्या: उंची, तोंडाचा व्यास, धुराचा वेग.
वाडीच्या नाक्यावरचे ट्रक.
भांडेवाडी, पेटते त्या दिवसांपुरती.
वारा येतो सोनेगावच्या विमानतळावरून, तासाला एक,
आणि डिसेंबरच्या रात्री तो येतो शून्य.
शून्याने भागता येत नाही
म्हणून आम्ही तिथे अर्धा लिहितो.
सेकंदाला अर्धा मीटर,
नुकतं चालायला लागलेलं पोर जाईल तेवढा वारा
पूर्ण नागपूरवर
आम्ही आमच्या मनाने सोडतो.

सगळीकडे जुळलं.
मोजलेलं वजा मांडलेलं, बाकी थोडीशी, चालण्यासारखी.
फक्त मानकापूरला,
गच्चीवरचं दुसरं यंत्र तासातासाचा आकडा पाठवतं तिथे,
पहाटे साडेचारला बाकी उरायची एकशे चाळीस.
साहेब म्हणाले, उंदराने वायर कुरतडली असेल, उडवा.
मी अकरा दिवस उडवली.

बाराव्या दिवशी नंदेश्वरच्या गाडीवर मागे बसून
कानाला मफलर गुंडाळून गेले.

शाळेच्या भिंतीशी दुर्पताबाई खोब्रागडे
तीन वाजल्यापासून रस्ता झाडत आलेली.
सागाची पानं, कडुनिंबाची, दुधाच्या पिशव्या,
पेटायला म्हणून सायकलच्या टायरचा तुकडा.
दोन कुत्री आणि ती, जाळाच्या तीन बाजूंना.

"गाडी येत नाही मॅडम कचरा उचलाले.
मुकादम म्हन्ते सातले रोड साफ पायजे.
मंग मी का करू?"

मग वर बघून,
"अन् तो भोंगा का करते?"
हवा ओढतो, मी म्हटलं.
"माही बी?"
नंदेश्वर म्हणाला, "हाव, तुमची बी."
ती हसली आणि खोकली, एकातच.

रोज किती पानं जाळता, मी विचारलं.
तिने दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी.
त्या कवेचे मी किलो केले,
किलोचे ग्रॅम,
यादीत शेवटून दुसरी ओळ: उघड्यावरील ज्वलन.
चिमण्यांचे आकडे टपालाने येतात,
गोल, टापटीप, प्रत्येक तासाला तेच.
हा एकच आकडा मी उभं राहून घेतला होता,
अंगाला अजून टायरचा वास.

बाकी शून्याच्या जवळ आली.
साहेब खूश.
अहवालातल्या रंगीत पट्ट्यांत
तिची पट्टी पिवळी, ठळक, सहज दिसेल अशी.
शिफारस क्रमांक एक: जाळणाऱ्यावर दंड.
गाडीचं मी लिहिलं होतं. ते क्रमांक नऊला गेलं,
मग पान संपलं.

फेब्रुवारीपासून मानकापूरला पहाट सपाट आहे.
गड्डीगोदामला साडेचारला
काहीतरी उरायला लागलंय.
मी अजून कोणाला बोलले नाही.

काल नंदेश्वरने डबा ठेवला आणि थांबला.
"ते बाई भेटली होती गड्डीगोदामात.
विचारून राहिली होती, तिचं किती भरलं?"

डिसेंबरचा एक कागद काढून मी उजेडात धरला.
राखाडी गोल, कडेपर्यंत सारखा.
कुठे टायर, कुठे साग, कुठे चिमणी,
काही वेगळं दिसत नाही.
सांग तिला, मी म्हटलं, सगळं मिसळलंय.

"असं कसं सांगू?"
तो बराच वेळ दारात उभा राहिला.
"पाव किलो म्हन्तो मंग."