कारणाचा रकाना

फॉर्मवर एकाच ओळीचा रकाना आहे: कारण.
समोर उर्वे ताम्बेर्ग, वय बावन्न, पावाची गाडी चालवते,
हातमोजे काढायला तयार नाही.

बेट आणि किनारा यांच्यामधला समुद्र गोठला
की आम्ही त्याच्यावर रस्ता आखतो,
दुतर्फा ज्युनिपरच्या फांद्या रोवून.
सीटबेल्ट लावायचा नाही. मध्ये थांबायचं नाही.
फांद्यांची रांग सोडायची नाही.

तिने सोडली.
अकराव्या किलोमीटरला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी
गाडी डावीकडे घातली,
आणि जिथे ती असायला हवी होती
तिथे काळं पाणी वर आलं.

"का वळलात?"
"मी कुठे वळले? हात वळले."
हे असं लिहिता येत नाही.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने छापलं, अंतःप्रेरणा.
पाद्रीबाई रविवारी म्हणाल्या, आतला आवाज.
मंत्रालयाचं पत्र आलं त्यात प्रसंगावधान होतं,
सोबत पदकासाठीचा अर्ज, तीन प्रतींत.
विम्याचा माणूस म्हणाला सहजप्रवृत्ती,
तेव्हा उर्वे पहिल्यांदा हसली.
"तो शब्द बदकांसाठी ठेवा.
बदकं दक्षिणेला जातात,
मी बेटावर येत होते, एकशे चाळीस पाव घेऊन."

आमच्या भाषेत याला पोटाची जाणीव म्हणतात.
तेही विचारून पाहिलं: पोटात काही जाणवलं का?
"भूक."

मग बराच वेळ नुसता रेडिएटर बोलत होता.

"मागे पत्र्याचे साचे असतात," ती म्हणाली,
"सत्तावीस हिवाळे एकाच सुरात खुळखुळतायत.
त्या दिवशी सूर खाली उतरला.
म्हणजे, आता असं वाटतं.
रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं.
की मी हे मागाहून शिवलं,
उसवलं तिथे ठिगळ, कोण जाणे."

शब्द नेहमी उशिरा पोचतात,
एवढं या नोकरीत मला कळलंय.
लांबूनच बघून घेतात, माणूस जिवंत आहे का.
असला तर सदऱ्याला इस्त्री करून येतात.
नसला तर येतात तसेच,
चिखलाच्या बुटांनी, आत, थेट टेबलापर्यंत.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात
युलो ताम्बेर्गची फाइल आहे. उर्वेचा धाकटा दीर.
बारा वर्षांपूर्वी, याच रस्त्यावर, मार्चमध्ये,
त्यानेही फांद्यांची रांग सोडली. उजवीकडे.
त्याच्या गाडीत काय खुळखुळत होतं
ते सांगायला कुणी उरलं नाही.
त्याचेही हातच वळले असतील.

कारण: उतावीळपणा.

अक्षर माझं आहे. वळणदार.
तेव्हा मला कुणी विचारलं नाही,
मीही नाही विचारलं स्वतःला,
की हा शब्द मला सुचला कसा,
इतक्या पटकन, पेन एकदाही न अडखळता.

उर्वेने त्या फाइलचं नाव काढलं नाही.
कपाटाकडे मात्र एकदा पाहिलं,
म्हणजे मला तसं वाटलं.
उठताना पिशवीतून राईचा एक पाव काढून
माझ्या कागदांवर ठेवला.
"भिजलेला नाही," म्हणाली, आणि गेली.

चारला अंधारून आलं.
रस्ता बंद केल्याचा फोन आला, तो मी नोंदवला.
पावाचा शेवटचा तुकडा मोडून खाल्ला.
रकान्यात लिहिलं: डावीकडे.
पुढे काही लिहिलं नाही.

मग वाकून खालचा कप्पा धरला.
थंडीत त्याचं लाकूड फुगतं,
दोन्ही हातांनी ओढावा लागतो.