उधाणाचं पाणी

ब्युरेट फुटली की वहीत नाव लिहायचं,
हे माझं काम. बावीस वर्षं झाली.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला,
आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली
सर्वात वरच्या फळीवर, मागे,
कारण ती महाग.

मार्चात सोलकरांची फरझाना आणि निखिलेश तारकर
कोकम सरबताच्या अकरा बाटल्या घेऊन आले.
प्रत्येकीवर चिकटपट्टी:
कुबलांची विहीर. देवळामागची. मशिदीची.
शाळेची, अर्धी बुजलेली.
मी विचारलं, हे अभ्यासक्रमात आहे का?
ती म्हणाली, प्रयोग आहे, काका. वाडी नाही.

मी किल्ली दिली.
वहीत लिहिलं: सांडलं.

रोज्याचे दिवस. पोरगी दिवसभर
पाणी मोजायची, पीत नव्हती.
पिवळ्या पाण्यात थेंब पडला की दूध फाटल्यासारखं होतं,
फाटत जातं, फाटत जातं,
मग एका थेंबाशी विटेचा रंग धरतं
आणि परत फिरत नाही.
तिथे हात थांबवायचा.
हे मला येतं, पण मला कोणी विचारत नाही.

आकडे घेऊन दोघं वाडीत गेली.
सत्यभामा कुबल अंगणात सुकट उलटत होती.
ऐकून घेतलं, हात न थांबवता म्हणाली,
"तुमच्या बाटलेक आज कळला गो,
माज्या डाळीक चार वर्सां झाली."

निखिलेशचं तोंड एवढंसं झालं.
फरझाना तिथेच, त्या वासात, मांडी घालून बसली.
"मावशी, रोजच शिजत नाही? की कधीतरी शिजते?"

सुकटीवरचा हात थांबला.
"भांगाक शिजता," मावशी म्हणाली.
"उधाणाक दगड."

मग अष्टमीला गेली, पौर्णिमेला गेली,
पुन्हा अष्टमी, पुन्हा अवस.
तक्त्यात तारीख, भरती, क्षार,
आणि चौथा रकाना घाडी मॅडमनी खोडायला सांगितला,
तो त्यांनी खोडला नाही:
डाळ शिजली / नाही शिजली.
अष्टमीला तीनशे ऐंशी. शिजली.
पौर्णिमेला अकराशे. नाही.
आलेखाची रेघ चंद्राबरोबर चढत, उतरत
थेट बांधापर्यंत घेऊन गेली.
उघाडीच्या झडपेची खालची फळी
कुजून वाहून गेलेली, आणि त्या भोकातून
खाडी रात्री गुपचूप आत येत होती.

खारभूमीच्या कचेरीत कारकुनाने
तिचं काळं पडलेलं बोट बघून विचारलं,
मतदान कुठे झालं तुमच्याकडे?
तक्त्याखाली कुबल मावशीचा अंगठा होता.
तोही काळाच.
आवक क्रमांक मिळाला. मे संपला.
दुसरं काही मिळालं नाही.

एका ओहोटीला वाडीतल्या माणसांनी
जुन्या होडीची फणसाची फळी
चिखलात कमरेएवढं उभं राहून ठोकली.
पुढच्या पौर्णिमेला सातशे.
गोड नाही. कमी.

आता साठा तपासायला माणूस येणार आहे.
पंचवीस ग्रॅमची बाटली, तळाला चार दाणे.
कारणाच्या रकान्यात माझं तेच: सांडलं.
त्याखाली पेन्सिलीने, खोडता येईल असं,
लिहून ठेवलंय:
डाळ शिजली. निम्मी.