पुढची खूण

सावद्याच्या फळ सोसायटीच्या कचेरीत
दुपारी अडीचला, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना
मी यादी मागितली:
एकोणीस सालापासूनच्या सगळ्या काटापावत्या,
फोटो काढून क्लाउडवर चढवलेल्या.
क्लाउड म्हणजे लांबचं कुठलं तरी गोदाम,
असं मी भारंबेकाकांना सांगितलं होतं.
"वाचमन हाये का तिथं?" एवढंच त्यांनी विचारलं.

उत्तर आलं. एक हजार.
मी अहवालात लिहून टाकलं, एकूण पावत्या एक हजार,
आणि डबा उघडला.
काका खुर्चीतून हललेही नाहीत.
"इतका गोल आकडा खरा नसतो, बाई.
गोल आकडा म्हणजे मोजणारा दमला."

तीस वर्षं ते स्टेशनच्या सायडिंगला मापाडी होते.
घड वाघिणीत चढायचे
आणि काका दाराशी सुतळी घेऊन उभे.
शंभर झाले की गाठ.
चहाला जाताना सुतळी दुसऱ्याच्या हातात;
त्याने काही विचारायचं नाही,
शेवटच्या गाठीपासून पुढे मोजायचं.

मी यादीच्या तळाशी गेले.
तिथे एक लांबलचक ओळ होती,
अक्षरं, आकडे, टोकाला दोन बरोबरची चिन्हं.
अर्थ शोधायचा नाही, सोडवायची नाही,
आली तशी परत पाठवायची.
इथवर झालं, आता इथून पुढचं दे.

पाठवली.
आणखी हजार आल्या, आणि नवी गाठ.
पहिल्या पानाला काका एक म्हणाले नाहीत,
लाभ म्हणाले, धान्य मोजताना म्हणतात तसं.
मग दोन. मग तीन.
अकराव्याला त्यांचा डोळा लागला.

बाविसावं पान रिकामं आलं.
एकही पावती नाही.
मी हुश्श केलं, खिडकी बंद करायला हात नेला,
पण तळाशी खूण होतीच.

"सुपडू फेगडे," काका डोळे न उघडता म्हणाले,
"नवा पोरगा. मधेच रिकामी वाघीण लागली,
त्याला वाटलं गाडी सरली, घरी जाऊन जेवला.
पुढच्या नऊ वाघिणी तशाच गेल्या.
गार्डाचा डबा दिसेस्तोवर उठायचं नाही."

इथे गार्डाचा डबा नसतो, काका.
लाल दिवा नाही, शिट्टी नाही.
एक पान येतं, बाकीच्यांसारखंच,
फक्त त्याच्या तळाशी काही नसतं.

ते आलं साडेपाचनंतर.
एकेचाळीस हजार तीनशे शहाऐंशी.
मी आधीचा हजार खोडला.
तेवढ्यात खाली काट्यावर दोन ट्रक लागले,
एक अट्रावलचा, एक विवऱ्याचा.
फायलींची नावं गावावरून, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने;
मोजणी चालू असताना हे आले असते
तर विवरं पुढे होतं, वाटेत भेटलं असतं.
अट्रावल पहिल्याच पानावर गेलं असतं,
माझ्या पाठीमागे,
आणि मला कळलंही नसतं.

मग हा आकडा कशाचा?

काकांनी पेन मागितलं.
आकड्याला हात लावला नाही.
शेजारी, बारीक अक्षरात,
पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं, असं लिहिलं
आणि खाली सही केली.