लाकूड आम्ही घेत नाही

माझं नाव उखर्डू.
आधीचे दोन राहिले नाहीत म्हणून
तिसऱ्याला उकिरड्यावर लोळवून घरात घेतला,
देवाला वाटावं, टाकाऊ आहे, कशाला न्या.
पुढे मी भंगाराचंच दुकान घातलं
सावद्याला, बऱ्हाणपूर रस्त्यावर, केळीच्या वखारीला लागून.
लोक हसतात. मीही हसतो.

लोखंड वेगळं, पितळ वेगळं, पत्रा वेगळा.
काट्यावर चढलं की वस्तूला नाव उरत नाही.
हा धंद्याचा नियम, तो मी मोडला
एका इस्त्रीपायी.
कोळशाची, सव्वापाच किलो,
झाकणाच्या कडीवर पितळी कोंबडा,
चोच झिजलेली, तुरा शाबूत.
पितळ सुटं करायला हातोडी उचलली होती.
कोंबडा बघत राहिला.

मग सवयच लागली.
फैजपूरच्या शिंप्याची ठोकळ्यासारखी भरीव इस्त्री.
यावलहून नीळ कालवायचं जर्मनचं घमेलं,
काठ अजून निळसर.
परटाच्या भट्टीचं सतेलं, बुडाला पापडखाराचा थर,
तो मी कुणाला खरवडू देत नाही.
भुसावळला रेल्वेच्या बंगल्यातून
दोन लाकडी लाटणी, मध्ये फट, बाजूला फिरवायचा दांडा.
पोरगा म्हणाला, बाबा, उसाचा रस काढू.
मी ओला रुमाल घालून पिळून दाखवला.
सिंधू दारात उभी होती.
म्हणाली, घरचं मशीन तीन महिने बंद पडलंय,
त्याला वेळ नाही.

प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली:
गाव, वजन, मोजलेले पैसे.
मोगऱ्या सात.
लाकूड आम्ही घेत नाही,
पाटीवर तसं मीच लिहिलंय.
तरी सात.

चैत्रात चिनावलहून एक म्हातारी आली,
झेलाबाई परटीण.
विकायला काही नव्हतं, भिंत बघायला आली होती.
चपला बाहेर काढल्या तिने,
भंगाराच्या दुकानात!
इस्त्र्यांवरून नजर नुसती फिरवली.
चौथी मोगरी उतरवली, तळहातावर तोलली,
"डाखोरीची हाये. एकाच अंगानं झिजेल.
माह्या जावेची."
चिठ्ठीवर होतं:
चिनावल, एक किलो दोनशे, तीस रुपये.

मग म्हणाली, तू धनाजीचा ना?
"तुह्या बापाच्या धोतराले मीच खूण घाले,
बिब्ब्यानं तीन ठिपके, खाली आडवी रेघ."

ते धोतर आमच्या ट्रंकेत आहे.
ठिपक्यांना मी आजवर केळीचा डाग समजत होतो.
चीकही असाच काळा पडतो,
कापड फाटतं, तो निघत नाही.

ती बोलत होती, मोगरीवरून अंगठा फिरवत,
"तुमच्या घरून दोन डाव बाळुते आले न बंद झाले.
मले कोनी सांगेल नव्हतं.
गाठोडं सोडलं का समजे.
तिसऱ्या डावाले येतच रायले, येतच रायले.
लय घान करे तू."

मी चहा मागवला. तिने बशीत ओतून घेतला,
अर्धा ठेवला.
मग विचारलं, लाकडाचा काय भाव?
मी पाटीकडे बोट केलं.
वाचता येत नाही म्हणाली.
मी वाचून दाखवलं.

मोगरी पदराखाली धरून ती निघाली
एस.टी.च्या थांब्याकडे, ऊन खाली मान घालून झेलत.
दोरा सोडून चिठ्ठी तेवढी माझ्या हातात दिली.
गाव, वजन, पैसे.
मागे काही लिहावं म्हणून पेन काढलं,
दोनदा झटकलं.

त्या खिळ्याला आता सिंधूची बटाट्यांची पिशवी असते.
काढ म्हणालो नाही अजून.