दाद

रखवालदाराने दारातच बजावलं,
दहाला दिवे बंद, आणि आरडाओरडा नको,
वरच्या मजल्यावर माणसं झोपतात.

डुइसबुर्ग, चर्चच्या मागचं सभागृह.
टेबलावर फॉइलमध्ये गुंडाळलेला किंबाप,
त्याला खेटून बटाट्याचं सॅलड.
आईने जांभळा हानबोक घातलाय
आणि त्यावर पावसाळी जाकीट,
ते काढायला ती तयार नाही.
तिच्या मैत्रिणी आल्यात, सगळ्या निवृत्त नर्सेस,
गुडघे नवे, केसांचे कुरळे तेच जुने.

गाणारी बाई जोंजूहून आलेली.
एक चटई, एक पंखा, एक ढोलकवाला, बस.
गळा नुकती टाकी दिलेल्या जात्यासारखा.
नावाड्याची बायको नदीला जाब विचारतेय,
कुठे नेलास माझा माणूस.
जर्मन भाषांतर भिंतीवर दोन ओळी मागे चाललेलं,
इथे ती रडून उठली तरी
भिंतीवर अजून भातच शिजतोय.

मधूनच ढोलकवाला ओरडतो, ‘चोता!’
एकटाच.
सभागृह घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखं गप्प.
त्याला उबळ आली असावी असं वाटून
मागून कुणी ‘शूऽ’ केलं.
मी पण मान खाली घातली, उगाच.

आईचा गुडघा हलत होता.

तेवीस वर्षांची असताना आली ती इथे,
फुप्फुसात कोळसा भरलेल्या माणसांच्या वॉर्डात,
रात्रपाळीला.
पहिला शब्द शिकली तो ‘हळू’.
रबरी तळव्यांच्या चपला, हळू.
ट्रे ठेवायचा हळू, दार लोटायचं हळू.
कुणी पहाटे गेलं तर तेही
शेजारच्या खाटेला कळू नये इतकं हळू.
घरीसुद्धा ती भांडी अशी लावायची
की मला वाटायचं, आमच्याकडे कुणीतरी आजारी आहे.

सहावीत मी शाळेत बासरी वाजवली होती.
सगळ्यांच्या आया टाळ्या वाजवत उभ्या,
माझी मांडीवर हात ठेवून बसलेली,
फक्त ओठ हलले, आवाज नाही.
घरी जाताना मी तिच्याशी बोलले नाही.
नंतर बरीच वर्षं
त्या एका गोष्टीवर मी बरंच काही रचलं.

आता नावाड्याची बायको पाण्यात उतरते.
गाणारीचा आवाज वर जातो, फाटतो,
फाटलेलाच आणखी वर जातो,
आणि माझ्या शेजारून
‘ऑल्सिगू!’

असा आवाज या बाईत होता?

रखवालदार वळला. पंखा क्षणभर थांबला,
गाणाऱ्या बाईने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं
तहानलेल्या माणसाने नळाकडे पाहावं तसं.
मग पलीकडून ओकबुन मावशी, ‘चाल्हान्दा!’
मग खिडकीपाशी कुणी, मग दारापाशी,
रात्री वॉर्डात एकामागून एक
घंट्या वाजाव्यात तशा.
फक्त आज वाजवणाऱ्या ह्याच होत्या.

शेजारच्या काकांनी वाकून विचारलं,
‘काय अर्थ त्याचा?’
म्हटलं, तसा काही नाही.
म्हणजे, ‘मी आहे इथे. तू चालू ठेव.’
त्यांनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने
अगदी चुकीच्या जागी, भीतभीत, ओरडले.
ढोलकवाल्याने ती चूकही तालात घेतली.

मी आईच्या तोंडाकडे पाहत होते.
ओठांचा तो आकार.
आधी गोल, मग जीभ टाळूला, मग पुन्हा गोल.
मी ओळखत होते तो,
सहावीपासून.

दहा वाजून गेले, दिवे कुणी बंद केले नाहीत.
रखवालदार किंबाप खात उभा होता.

ट्राममध्ये तिचा घसा पार बसलेला.
तिला काहीतरी विचारायचं होतं मला,
पण ती पर्समध्ये खोकल्याची गोळी शोधत होती
आणि गोळी सापडत नव्हती.
मग स्टेशनाआधीचं ते अवघड वळण
ड्रायव्हरने एकही धक्का न देता घेतलं.
आईने मान वर केली
आणि त्या बसक्या आवाजात, समोरच्या काचेकडे बघत,
म्हणाली,
‘चाल्हान्दा.’